सर्जा चांगला होता

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईला तिच्या शेवटच्या आजारपणातही सांगितली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मला नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं म्हणजे मी निवृत्तीला आलेय आणि विभागातलं माझं कपाट रिकामं करायला घेतलंय. खालच्या कप्प्यात एक सीडी सापडली. सापडली म्हणणंही खोटंच — ती कुठे आहे हे मला इतकी वर्षं रोज माहीत होतं.

बघा, पहिल्याच परिच्छेदात एक निघालं. सांभाळून वाचा.

मी भौतिकशास्त्र शिकवते, कोल्हापुरात. माहेर कुरुंदवाडचं, वडील हायस्कूलचे हेडमास्तर. खोटं बोललं की ताटावरून उठवायचे. त्या घरात मी एकदाही ताटावरून उठले नाही, आणि याचा मला पुढे पुष्कळ वर्षं अभिमान होता.

नव्वदच्या दशकात मी संशोधनाला लागले तेव्हा आमच्या विभागात अतिवाहकांचं वेड होतं. अतिवाहक म्हणजे असा पदार्थ, की तो पुरेसा थंड केला की त्यातून वीज कुठलाही विरोध न होता वाहते. विरोध कमी होत नाही — शून्य होतो. ते शून्य मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीटर बिघडला असं वाटून मी त्याला टपली मारली होती. आमचे सर — माझे मार्गदर्शक, पुढे विभागप्रमुख झाले — हसून म्हणाले होते, आणखी एक मार, म्हणजे खात्री होईल.

थंड करायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. कोल्हापुरात तो कुठून मिळणार? तर वारणानगरकडून. तिकडे गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूंचं वीर्य या नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत ज्यावर काम चाललं होतं, त्या पदार्थांना आम्ही वळूंच्या वाट्याची थंडी देत होतो. मला याची थोडी लाज वाटायची. गौतमला मात्र फार गंमत वाटायची.

गौतम. आता त्याच्याबद्दल सांगायलाच हवं — इतका वेळ टाळत होते.

तो उचगावचा. आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारलेलं घर. वडील फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करून त्यात लोखंड ओतणारे. दोन हजार साल उलटल्यावर तो पीएच.डी.साठी आमच्याकडे आला. मी तोवर तिथेच लेक्चरर झाले होते आणि सरांच्याच गटात काम करत होते. तो मला ताई म्हणायचा. नायट्रोजनचा डबा एसटीतून मांडीवर घेऊन यायचा. एकदा मी बरोबर होते. डब्याच्या झाकणातून धूर निघताना पाहून कंडक्टर जवळ आला.

“पावणं, डबा पेटलाय की काय?”

“पेटला न्हाय मामा, थंडी हाय त्यात.”

“कसली थंडी?”

“पन्हाळ्याच्या लई फुडची.”

कंडक्टरनं डब्याचं तिकीट फाडलं नाही. थंडीचं तिकीट कुठल्या दरानं फाडायचं, हे त्याला ठरवता आलं नसावं.

गौतम फिल्म करायचा. बोटाच्या नखाएवढी पारदर्शक चकती, तिच्यावर अतिवाहकाचा काळा, चकचकीत, अतिशय पातळ थर — ती फिल्म. ती भट्टीत तापवायची, मग ऑक्सिजनच्या झुळकीत कित्येक तास हळूहळू निववायची. या निववण्यात सगळं असतं. जरा घाई झाली, जरा उष्णता चढली-उतरली, की फिल्म दिसायला तीच, पण अतिवाहक नाही. आम्ही बाकीचे मीटरकडे बघून भट्टी चालवायचो. गौतम भट्टीच्या तोंडातून आत बघायचा. एकदा म्हणाला, “ताई, मीटर खोटं बोलाय लागलाय. रंग बघा की, एवढं तापलेलं न्हाय आत.” आम्ही हसलो. मग दुसऱ्या विभागातून मीटर आणून लावला, तर खरंच वीसेक अंशांचा फरक. हे तो वडिलांकडून शिकला होता, लाल रंगाचे प्रकार ओळखत ओळखत.

आणि वहीत सगळं लिहायचा. सगळं म्हणजे सगळं. कुणी दार उघडं टाकलं, पंखा कुठल्या नंबरवर होता, लाईट कधी गेली. माझ्या वह्या नीटनेटक्या होत्या. त्याची वही खरी होती.

चांगल्या जमलेल्या फिल्मला तो नाव द्यायचा. वारणेच्या थंडीत वळू असतात म्हणून नावंही तसलीच — बाजी, हिंदुराव. कामातून गेलेल्या फिल्मला फक्त नंबर. एक फिल्म इतकी सुरेख आली की हिऱ्याच्या टोकानं चीर पाडून तिचे दोन तुकडे केले आणि दोन डब्यांवर लिहिलं — सर्जा आणि राजा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच भट्टीत, एकाच झुळकीत निवलेले. हे लक्षात ठेवा. मला विसरता आलं नाही.

त्याच सुमारास सरांच्या खटपटीनं आम्हाला बंगलोरच्या एका मोठ्या संस्थेतल्या यंत्रावर एक दिवस मिळाला. अर्ज करून दीड वर्ष वाट पाहिल्यावर एक दिवस. त्या यंत्रात गॅलियम नावाच्या धातूच्या आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, कमालीचा बारीक झोत असतो. झोत जिथे पडेल तिथला पदार्थ उडवत जातो. त्यानं फिल्मवरच्या एका बारीक पट्टीला दोन्ही बाजूंनी कोरत आणायचं, मध्ये एक चिंचोळा पूल उरेपर्यंत. किती चिंचोळा? डोक्यावरचा एक केस घ्या, त्याच्या जाडीचे पाचशे भाग करा, त्यातला एक. इतक्या अरुंद वाटेवरून अतिवाहक वीज कशी जाते, हे आम्हाला मोजायचं होतं. तेव्हा आमच्या भागात असं काम कुणी केलेलं नव्हतं. गौतमचा प्रबंध त्यावर उभा राहणार होता, आणि माझं नावही.

सर्जा घेऊन मी एकटी गेले. गौतमच्या फेलोशिपची मुलाखत त्याच आठवड्यात होती. निघताना त्यानं डबा माझ्या हातात दिला तो दोन्ही हातांनी.

आता त्या यंत्राबद्दल एक गोष्ट सांगते, कारण सगळं तिथेच आहे. त्याला वेगळा डोळा नव्हता. ज्या झोतानं कोरायचं त्याच झोतानं पाहायचं. कुठल्याही जागेचं चित्र पडद्यावर आणायचं तर झोत त्या जागेवरून फिरवावा लागतो, आणि झोत फिरला की थोडा पदार्थ उडतो, थोडं गॅलियम आत घुसतं. म्हणजे पाहणं हेच थोडं थोडं मोडणं. म्हणून फोकस लावायचा तो दूरच्या एका खुणेवर. पूल कोरून झाला की एकच झटपट चित्र घ्यायचं आणि झोत बंद. तिथला ऑपरेटर बेळगावकडचा, पन्नाशीचा सज्जन माणूस. मला अक्का म्हणत होता. त्यानं सकाळीच बजावलं, “अक्का, खुणेकडं बघायचं. पुलाकडं बघायचं न्हाय. बघितलासा की मेला.”

मी मान हलवली. मला हे पुस्तकातूनही ठाऊक होतंच की.

सकाळी त्यानं आधी आमची पट्टी — पूल कोरण्याआधीची, अखंड — त्यांच्या उपकरणात थंड करून मोजली. विरोध झपकन शून्यावर आला. त्याचा आलेख छापून त्यानं माझ्या हातात ठेवला. “फस्क्लास फिल्म हाय, कुणी केलीया?” मी म्हटलं, आमच्याकडचा एक मुलगा आहे. गौतम तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

दुपारपर्यंत पूल झाला. त्यानं एक चित्र घेतलं, झोत बंद केला आणि म्हणाला, जेवून येतो. मी तिथेच थांबले.

का थांबले? भूक नव्हती म्हणून. खरंच नव्हती. पडद्यावर ते एक चित्र गोठलेलं होतं — दोन काळ्या खंदकांच्या मध्ये एक सरळ, धारदार कडांचा पूल. इतकी नेटकी वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती माझ्यासमोर, माझ्या नावावरच्या दिवशी झाली होती. मला ती जवळून बघायची होती. अजून जवळून. तुमचा हात आवरला असता का? — नाही, हे विचारणं म्हणजे सबब झाली. खोडलं असं समजा.

मी झोत सुरू केला.

आनंदच झाला मला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी पूल मोठा केला, आणखी मोठा केला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मध्ये मध्ये बटण दाबून चित्रं साठवत होते, सरांना दाखवायला, पोरांना दाखवायला. तिसऱ्या-चौथ्या चित्रापाशी कडा जरा मऊ वाटल्या. मी स्वतःला म्हणाले, फोकस हललाय. आणि फोकस लावत राहिले — पुलावरच. मला कळलं होतं का? कळलं होतं. ज्या क्षणी मी फोकसला दोष दिला, त्या क्षणी कळलं होतं. शेवटच्या चित्रातला पूल वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसतो. प्रत्येक चित्राच्या खालच्या पट्टीत वेळ छापलेली असते. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अकरा मिनिटं.

ऑपरेटर जेवून आला तोवर झोत बंद होता आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. त्यानं दिवसभराची सगळी चित्रं एका सीडीवर घालून दिली. तीच ही सीडी.

परतीच्या गाडीत मी पुष्कळ हिशेब मांडले. कदाचित वरवरचंच नुकसान झालं असेल. कदाचित आतला थर शाबूत असेल. मी प्रामाणिक माणूस आहे असं मला तेव्हाही वाटत होतं. मोजून बघू, बिघडलं असेल तर सांगून टाकू, असं ठरवून मी झोपलेसुद्धा.

मोजायच्या दिवशी सकाळी अख्खा गट प्रयोगशाळेत जमला होता. गौतम पहाटेच वारणेला जाऊन डबा भरून आला होता. येताना भडंगाची मोठी पुडी आणली होती, झाल्यावर सगळ्यांनी खायला. पहिल्या चित्राची छापील प्रत मी आधीच सरांना दिली होती, ती त्यांनी टेबलावर उभी करून ठेवली होती. सर्जाला थंडीत उतरवला. विरोध शून्याकडे जाण्याऐवजी वाढत गेला. जितकं थंड, तितका जास्त. गौतमनं तारा तपासल्या, पुन्हा उतरवला. तेच.

सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, “काय झालं असेल?”

आवाज चढलेला नव्हता. मला कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन, समोर माझीच माणसं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? सर चिडले असते, आठवडाभर बोलले नसते. लोक हसले असते — इतकी शिकलेली बाई आणि बघत बसली. बस्स, एवढंच. माझी नोकरी कायम होती.

मी म्हणाले, “सर, फिल्म बहुधा एकसारखी नव्हती.”

तुम्हाला वाटेल, पट्टी तर आधीच मोजली होती की. हो. पण ती बंगलोरला मोजली होती, आणि तो आलेख माझ्या पर्समध्ये होता. इथे गौतमनं मोजली होती ती अख्खी फिल्म, आणि अख्ख्या फिल्ममध्ये एखादा भाग कच्चा असला तरी वीज त्याला वळसा घालून जाते, कच्चेपणा दिसत नाही. माझं वाक्य शास्त्राला धरून होतं. चांगलं खोटं असंच असतं, त्यात चूक काढता येत नाही.

सर गौतमकडे वळले. “ऑक्सिजन नीट होता ना रे?”

गौतमनं काय करावं? त्यानं वही उघडली. कुणी मागितली नव्हती. पानं उलटली आणि स्वतःच वाचून दाखवलं — निववताना लाईट गेली, सात मिनिटं. भट्टीची दोन्ही तोंडं काचेच्या लोकरीनं बंद केली. रंग उतरू दिला नाही.

“लाईट गेलती सर. सात मिनिटं.” तो म्हणाला. “मला वाटलं काय झालं न्हाय. पर झालं असंल.”

भारनियमनाचे दिवस होते ते. सगळ्यांच्याच कामात लाईट जायची, कुणी लिहून ठेवायचं नाही. सर नुसती मान हलवून बाहेर गेले. एकानंही विचारलं नाही, की बंगलोरला काय काय झालं. चित्रं किती घेतली, कुणी घेतली, आधी पट्टी मोजली होती का. एकानंही नाही.

आणि ते विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं.

हे वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली. गौतमऐवजी दुसऱ्या कुणाच्या फिल्मबद्दल मी तेच बोलले असते — सरांच्या भाच्याच्या म्हणा, तोही गटात होता — तर चार प्रश्न आले असते. गौतमच्या नावापुढे ते आले नाहीत. दुपारी चहाच्या टेबलावर एक सहकारी म्हणाले, कोट्यातून घेतात, मग भट्टीवर असलं होणारच. मी साखर ढवळत होते. विरघळल्यावरही ढवळत होते. त्या माणसाला मी मनातल्या मनात हलकट म्हटलं. पण ज्या गोष्टीच्या भरवशावर तो बोलत होता, तिच्याच भरवशावर मी सकाळी बोलले होते. त्याच्यात आणि माझ्यात फरक इतकाच की तो उघड बोलला.

भडंगाची पुडी तशीच राहिली. दोन दिवसांनी शिपायानं घरी नेली.

पुढचं वर्ष सांगते, थोडक्यात. गौतम प्रबंधाचं बाकी सगळं बाजूला ठेवून नसलेला दोष शोधायला लागला. भट्टी बदलली, ऑक्सिजनचा वेग बदलला, निववायचा वेळ दुप्पट केला, मग निम्मा केला. भट्टीत डोकावणं त्यानं सोडलं. मीटर बघायचा. मी एकदा म्हटलं, रंग बघत नाहीस हल्ली? तर म्हणाला, “माझ्या डोळ्याचं काय खरं न्हाय ताई.” फिल्म एकेक करत बिघडत गेल्या. नावं बंद झाली. एक नंबर, दोन नंबर, असं करत पार तेरा-चौदापर्यंत.

मग बंगलोरहून पुन्हा एक दिवस मिळाल्याचं पत्र आलं. चौदा नंबर घेऊन जा, असं सर म्हणाले, त्यातल्या त्यात ती बरी होती. पण ती चालणार नाही हे मला दिसत होतं. आणि चालेल अशी एक फिल्म मला माहीत होती. कपाटात, मागच्या बाजूला, राजा अजून तसाच होता. सर्जा वाईट निघाला म्हणजे राजाही वाईटच, असं धरून गौतमनं त्याला तिथे सारलं होतं. टाकून दिला नव्हता.

मी राजाला चौदा नंबरच्या डब्यात ठेवलं. चौदा नंबरला कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दोन मिनिटांचं काम.

यावेळी मी खुणेकडे बघितलं. पुलाकडे बघितलं नाही. राजाचा पूल कोल्हापुरात आणून थंडीत उतरवला आणि विरोध शून्यावर आला — सरळ, एका दमात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गौतम भिंतीला टेकून खाली बसला. सर म्हणाले, “बघ, भट्टी बदलल्यावर जमलं की नाही? म्हणजे आधीचं तुझंच होतं.” आणि त्याच्या पाठीवर थाप मारली, प्रेमानं.

आमचा पेपर परदेशी जर्नलमध्ये छापून आला. पहिलं नाव माझं, दुसरं सरांचं, तिसरं गौतमचं. फिल्म कशी केली याचा एक परिच्छेद त्यात आहे. त्यात चौदा नंबरची रीत छापली आहे — इतके अंश, इतके तास, ऑक्सिजनचा इतका वेग. त्या रीतीनं चांगली फिल्म होत नाही. कधी झालीच नव्हती. मला बढती मिळताना ज्या पेपरांचा विचार झाला, त्यात तो सगळ्यात वर होता.

गौतमला प्रबंधासाठी तसे आणखी तीन पूल हवे होते. म्हणून त्यानं चौदा नंबरची रीत पुन्हा करायला घेतली. तंतोतंत. एकेक अंश धरून. जमलं नाही. परत केली, जमलं नाही. एकदा माझ्याकडे वही घेऊन आला. दोन पानं शेजारी शेजारी धरून म्हणाला, “ताई, हे आन हे सेम हाय. एकदा आलं ते परत का येईना?” मी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. नीट, वरपासून खालपर्यंत. आणि म्हटलं, होतं असं कधी कधी, फिल्मचं काही सांगता येत नाही.

त्याची फेलोशिप संपली. सरांनी मुदत वाढवायची शिफारस केली नाही, मला विचारून केली नाही. मी म्हटलं, त्याचं मन राहिलं नाहीये कामात. हे तर खरंच होतं. जाताना त्यानं वह्या विभागात ठेवल्या, ओळीनं लावून, पाठीवर नंबर घालून.

नंतर चार-पाच वर्षांनी मी एम.एस्सी.च्या मुलांना घेऊन एका फाउंड्रीत गेले, औद्योगिक सहल. तिथे उष्णतेवरच्या कामाचा सगळा विभाग ज्याच्या हाती होता तो पुढे आला, तर गौतम. अंग जरा भरलेलं, कपाळावर टोपीचा वळ. मला बघून खरोखर हरखला. सगळ्यांना उसाचा रस पाजला, मुलांना भट्ट्या दाखवल्या, एकेकाला जवळ बोलावून लोखंडाचे रंग दाखवले. म्हणजे डोळा परत आला होता. मला बरं वाटलं — इतकं, की जणू मीच परत दिला.

मग एका मोठ्या भट्टीपाशी थांबून तो मुलांना म्हणाला, “हितं एक नियम हाय. माल भट्टीत असताना लाईट गेली की लॉट बाद. पाच मिनिटं जाऊ द्या न्हायतर सात. कितीबी चांगला दिसू द्या, परत वितळवायचा. मालक वरडत्यात, कामगार वरडत्यात, मोल्डरची अख्खी पाळी वाया जाती. पर मी सोडत न्हाय.”

एका मुलीनं विचारलं, तपासून बघत नाही का आधी?

“न्हाय. बरं हाय असं आपल्याला वाटतं, तितंच माणूस फसतंय. मी सोता फसलोय.” मग माझ्याकडे हात करून, अगदी आदरानं, सगळ्यांदेखत म्हणाला, “ह्या ताईंचं एक वरीस माझ्यामुळं गेलंय. सात मिनिटांपायी. तवा ह्यांनी मला एक शबूद बोलला न्हाय.”

मुलं माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली. मी हसले. म्हणाले, “जुन्या गोष्टी आहेत त्या, गौतम. सोड.” हातात रसाचा ग्लास होता, तो मी संपवला.

सीडी आता टेबलावर आहे. विभागातल्या जुन्या संगणकावर ती अजून उघडते. आलेखही आहे, पिवळा पडलाय, शून्य स्पष्ट दिसतं. गौतम अजून त्याच फाउंड्रीत आहे, मुलगी बारावीला आहे म्हणतात. त्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे. मी तो लावलेला नाही. लावेन असंही इथे लिहीत नाही, कारण मी काय काय ठरवते आणि मग काय करते, ते तुम्ही वाचलंत.

सर्जा चांगला होता. त्या सात मिनिटांनी काहीही बिघडलं नव्हतं. त्याच्यावर अकरा मिनिटं झोत धरून मी बसले होते. पुढे जो चालला तो चौदा नंबर नव्हता, राजा होता. दोन्ही गौतमच्या हातचे होते, त्याच्या डोळ्यानं निववलेले.

आणि शिरोलीकडच्या त्या फाउंड्रीत आजही, भट्टी चालू असताना लाईट गेली, की लॉट परत वितळवतात. चांगला असला तरी.